चौदा मीटरला चार एल्बो

१

फाइलमधलं सातवं पान नव्हतं.

पान सुटून पडलं असतं तर फाइलच्या टॅगमध्ये काही उरलं नसतं. इथे टॅगच्या दोऱ्यात कागदाचा नखाएवढा तुकडा अडकून राहिला होता. म्हणजे कोणीतरी ते घाईत ओढून काढलं होतं.

गॅस कंपनीच्या नकाशा विभागात ही फाइल शेवटच्या सहीसाठी आली होती. त्या विभागात एकच टेबल उजेडाकडे तोंड करून होतं आणि तिथे गेली एकतीस वर्षं एकच बाई बसत होत्या. सगळं ऑफिस त्यांना नकाशाबाई म्हणायचं. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. शहराच्या पोटात कुठून कुठे पाइप गेलाय हे विचारायचं झालं तर लोक आधी त्यांच्याकडे यायचे, कपाट नंतर उघडायचे.

सातवं पान म्हणजे फिटरने हाताने काढलेला नकाशा. रस्त्यावरच्या व्हॉल्व्हपासून नव्या घराच्या मीटरपर्यंत पाइप प्रत्यक्षात कसा टाकला, किती खोल, वाटेत काय लागलं, हे सगळं त्यावर असतं. ते पान नसेल तर पुरवठा सुरू होत नाही. घर एका नर्सचं होतं. नवरा जहाजावर, घरात ती आणि तिची सासू. घर बांधून पूर्ण झालं होतं, मीटर भिंतीवर लागला होता, ओट्यावर शेगडीही बसली होती. फक्त गॅस यायचा बाकी होता.

नकाशाबाई उठून आवक-जावक बघणाऱ्या कारकुनाकडे गेल्या. फाइल कोणाकोणाच्या हातात गेली होती? कारकून जरा ओशाळला. नियमाप्रमाणे ती कोणाच्याच हातात जायला नको होती. पण आठवडाभरात तिघं आले होते. नर्स आली होती उशीर का होतोय विचारायला. तिच्या शेजारचे मास्तर आले होते, पाइप त्यांच्या कंपाउंडलगत जातो म्हणून ना-हरकतीवर सही करायला. आणि घर बांधणारा ठेकेदार, काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडायला. तिघंही या खुर्चीत बसले होते, तिघांच्याही पुढ्यात फाइल उघडी होती, आणि कारकून मध्ये मध्ये चहाला उठला होता.

"मग फिटरलाच विचारू. तो पुन्हा काढून देईल," नकाशाबाई म्हणाल्या.

कारकुनाने मान हलवली. फिटर सहा तारखेपासून कामावर आलाच नव्हता. त्याचा फोन बंद होता.

२

दोन दिवसांनी टपालात एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत सातवं पान होतं.

पान नवं, स्वच्छ, पट्टीने आखलेलं. व्हॉल्व्हपासून मीटरपर्यंत एक सरळ रेघ. लांबी चौदा मीटर, खोली एक मीटर, वाटेत अडथळा नाही. खाली फिटरची सही होती.

साहेबांना बरं वाटलं. पान सापडलं, सही करून टाका, त्या नर्सचे रोज फोन येतायत, असं ते म्हणाले. नकाशाबाईंनी पान खिडकीच्या उजेडात धरलं. हा फिटर त्यांच्या ओळखीचा होता. माणूस कामाला चोख, पण पट्टी म्हणून त्याने कधी हातात धरली नव्हती. त्याच्या रेघा नेहमी थरथरत्या असायच्या आणि आकडे रेघेवर चढून बसायचे. त्याच्या नकाशावर खाडाखोड नाही असं इतक्या वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

पण अक्षर ओळखीचं वाटत नाही एवढ्यावर फाइल अडवता येत नाही. म्हणून त्या खाली भांडारात गेल्या. कोणत्या कामाला किती सामान गेलं हे तिथल्या वहीत लिहिलेलं असतं, आणि ती वही फक्त भांडारवाल्याच्या हाती असते. नर्सच्या घरासाठी त्या दिवशी वीस मीटर पिवळा पाइप दिला होता. दोन मीटर परत आला होता. म्हणजे अठरा मीटर जमिनीत गेला. आणि त्याच ओळीत पुढे लिहिलं होतं, एल्बो, चार.

एल्बो म्हणजे पाइपाला काटकोनात वळवणारा जोड. पाइप सरळ गेला असेल तर एकही लागत नाही. एखाद्या गोष्टीला वळसा घालायचा असेल तर मात्र बरोबर चार लागतात. एक बाहेर वळायला, एक तिच्या बाजूने पुढे जायला, एक परत आत यायला आणि चौथा पुन्हा मूळ रेघेवर येण्यासाठी. वरचे चार मीटर म्हणजे दोन जायला, दोन यायला.

त्या अंगणात जमिनीखाली काहीतरी होतं. फिटरने ते पाहिलं होतं, त्याला वळसा घातला होता आणि सातव्या पानावर काढलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत नकाशाबाई फिटरच्या घरी गेल्या. दार त्याच्या बायकोने उघडलं, साखळी न काढता. तो कुठे आहे, तिला माहीत नव्हतं. कधी येणार, तेही नाही. पोलिसात कळवलं का, असं विचारल्यावर मात्र तिचा चेहरा बदलला. तिच्या मागे एक सातआठ वर्षांची मुलगी शाळेच्या गणवेशात उभी होती. दुपारचा एक वाजला होता, शाळा चालू होती, आणि मुलगी घरी.

"बाई, तुम्ही त्या घराची फाइल बंद करून टाका," बायको हळूच म्हणाली. "मग सगळं ठीक होईल असं ते म्हणालेत."

"कोण ते?"

दार लागलं.

३

नव्या घराला अजून रंगाचा वास होता. स्वयंपाकघरात शेगडीवर प्लॅस्टिकचं आवरण तसंच होतं आणि तिच्या शेजारी विजेच्या एकाच कॉइलवर डाळ शिजत होती. नर्स सकाळच्या ड्यूटीवरून नुकतीच आली होती. तिने नकाशाबाईंना खुर्ची दिली आणि आज तरी गॅस येतोय का, असं थकलेल्या आवाजात विचारलं.

नकाशाबाईंनी तिला खरं काय ते सांगितलं नाही. पाइप कुठून गेलाय ते एकदा डोळ्यांनी बघायचंय, एवढंच म्हणाल्या. नर्सला काहीच सांगता येईना. खोदाईच्या दिवशी ती हॉस्पिटलमध्ये होती.

"मला विचारा ना," कोपऱ्यातून आवाज आला. "मला कोणी काही विचारत नाही."

या सासूबाई. त्यांना कानाने कमी ऐकू यायचं, पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. बांधकाम चालू असताना त्या रोज सकाळी डबा घेऊन यायच्या आणि खुर्ची टाकून बसायच्या. मुलगा समुद्रात, सून ड्यूटीवर, मग विटा कोण मोजणार, असं त्यांचं म्हणणं. गवंडी त्यांना मागून 'मुकादम' म्हणायचे. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

काठी टेकत त्या अंगणात आल्या. फाटकापासून सरळ चालत गेल्या, मध्यावर थांबल्या आणि काठीने जमिनीवर रेघ ओढली. फिटर इथपर्यंत सरळ आला. इथे त्याची पहार ठणकन वाजली. मग तो असा डावीकडे गेला, असा पुढे, आणि असा परत. काठीने जमिनीवर एक चौकोन उमटला. तीन बाजूंचा, एखादं दार असावं तसा. लांबी साधारण एका माणसाएवढी.

त्या तुकड्यावर गवत इतर अंगणापेक्षा खुरटं होतं. नर्स नकळत दोन पावलं मागे सरकली.

तेवढ्यात नकाशाबाईंना जाणवलं की कोणीतरी बघतंय. शेजारच्या कंपाउंडमागे एक उंच, वाळलेला माणूस उभा होता. दोन्ही हात भिंतीवर, हनुवटी हातांवर. तो जागचा हलला नाही.

"मास्तर," नर्स कुजबुजली. "हा प्लॉट आम्ही त्यांच्याकडूनच घेतला. खोदाई झाली तेव्हाही असेच दिवसभर उभे होते म्हणे. मला त्यांची भीती वाटते. त्यांची बायको नऊ वर्षांपूर्वी घरातून निघून गेली. कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही."

"आणि ते सांगतही नाहीत," मागून एक जाड, प्रेमळ आवाज आला.

फाटकात ठेकेदार उभा होता.

४

ठेकेदार गोलमटोल, हसरा माणूस होता. नर्सला ताई म्हणायचा, सासूबाईंना आई. इकडून चाललो होतो, गॅस आला का बघावं म्हटलं, असं तो म्हणाला. नकाशाबाईंनी त्याला अंगणातली रेघ दाखवली आणि इथे खाली काय आहे ते विचारलं.

तो अजिबात गडबडला नाही. खाली जुना सेप्टिक टँक आहे, त्याने सांगितलं. मास्तरांच्या वेळचा. पाया खणताना लागला तेव्हा त्याने मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, त्याला हात लावू नका. त्यांचा चेहरा बघून त्याने पुढे काही विचारलं नाही. खोदाईच्या दिवशी तो योगायोगाने इथे आला होता, म्हणून फिटरलाही त्यानेच बाजूने जायला सांगितलं.

"हात लावू नका म्हणाले?" नकाशाबाईंनी पुन्हा विचारलं.

"हेच शब्द. मी आपलं काम करणारा माणूस, बाई. कोणाच्या घरातल्या गोष्टी उकरून काढाव्यात कशाला?" एवढं बोलून त्याने कंपाउंडकडे पाहिलं. तिथे आता कोणी नव्हतं.

तो गेल्यावर नकाशाबाई मास्तरांकडे गेल्या. घर जुनं, अंधारं. बैठकीच्या खोलीत एकच खुर्ची होती. ती त्यांनी पाहुणीला दिली आणि स्वतः उभे राहिले. टँक? त्या जागेत टँक कधीच नव्हता, ते म्हणाले. मोकळी जमीन होती. दोघांनी मिळून तिथे घर बांधायचं ठरवलं होतं, बायकोने काठ्या रोवून खोल्याही आखल्या होत्या. पुढे ते जमलं नाही. मग प्लॉट विकला.

बायको कुठे आहे, असं नकाशाबाईंनी विचारलं.

"कुठे आहे ते मला माहीत आहे. तुम्हाला सांगणार नाही."

मग त्यांनी विषय बदलला आणि ठेकेदाराविरुद्धच्या तक्रारी सुरू केल्या. बांधकामासाठी त्याने वीज यांच्याच घरातून घेतली होती. वायर ठिकठिकाणी उघडी, चिकटपट्टी लावलेली. एकदा तर पहाटे पहाटे यांचा फ्यूज उडाला, सगळं घर बंद पडलं. ठेकेदाराने नवा फ्यूज बसवून दिला, पण चार दिवस तोंड दाखवलं नाही. आणि सातवं पान? त्या दिवशी ऑफिसात ते बघितलं का? मास्तर म्हणाले, बघितलं. वाकडातिकडा नकाशा होता. त्यावर त्या चौकोनात 'स्लॅब, जुनी टाकी?' असं लिहिलं होतं. शेवटी प्रश्नचिन्ह.

नकाशाबाई थबकल्या. पान का काढलं असेल, याचं कारण आता मिळालं होतं. गॅसच्या पाइपाजवळ जमिनीखाली बंद पोकळी असेल तर तिच्यात गॅस साठू शकतो. म्हणून कंपनीचा नियम आहे की ती उघडून पाहिल्याशिवाय पुरवठा सुरू करायचा नाही. ते प्रश्नचिन्ह फाइलमध्ये राहिलं असतं तर तो स्लॅब फोडावाच लागला असता.

त्या परत आल्या तेव्हा नर्स पायरीवर बसली होती. ड्यूटीचे पांढरे कपडे अजून अंगावरच होते. हॉस्पिटलमध्ये तिने किती मृत्यू पाहिले असतील, पण त्या खुरट्या गवतावरून तिची नजर हलत नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "मास्तरांची बायको आमच्या अंगणात आहे का?"

५

नकाशाबाईंनी घराचे सगळे कागद मागितले.

नर्सने प्लॅस्टिकची पिशवी आणून टेबलावर ओतली. परवाने, पावत्या, दाखले. त्यातला ड्रेनेजचा नकाशा नकाशाबाईंनी बाजूला काढला. बाथरूमपासून बाजूच्या गल्लीतल्या चेंबरपर्यंत पाइप सरळ अंगण कापत जात होता. नकाशावर ठेकेदाराची सही होती. पालिकेच्या इन्स्पेक्टरने बारा मार्च, मंगळवार या तारखेला चर उघडा असताना तपासणी केल्याचा शिक्काही होता. म्हणजे ड्रेनेजचा पाइप कुठे होता हे त्याने स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांनी आपल्या पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला. त्यावर गॅसची रेघ काढली, सासूबाईंनी दाखवलेला वळसा काढला आणि तो ड्रेनेजच्या नकाशावर ठेवला. ड्रेनेजची रेघ बरोबर त्या चौकोनातून आरपार जात होती आणि वळशाला छेदत होती.

"बघा," त्या नर्सला म्हणाल्या. "ड्रेनेजचा पाइप दीड मीटर खोल, आणि या जागेतून आरपार गेलाय. तिथे जुना टँक असता तर पाइप गेला असता का? इन्स्पेक्टरने बघितलं तेव्हा इथे उघडा चर होता, बाकी काही नाही. म्हणजे स्लॅब त्यानंतर टाकला. ड्रेनेजच्या वर."

नर्सला समजायला क्षणभर लागला. मास्तरांची बायको नऊ वर्षांपूर्वी गेली. ड्रेनेजला दीड वर्षही झालं नव्हतं. खाली जे काही होतं ते घर बांधताना तिथे गेलं होतं, आणि तेव्हा या अंगणात ठेकेदाराच्या परवानगीशिवाय कोणी एक घमेलं सिमेंट कालवू शकत नव्हतं.

नकाशाबाईंनी सासूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. ड्रेनेजचा तो इन्स्पेक्टर आला होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही इथे होतात?

नव्हते, सासूबाई म्हणाल्या. दोनच दिवस घरी बसले, म्हणून नीट आठवतं. सकाळी सकाळी ठेकेदाराचा फोन आला. वाळवीचं औषध मारलंय, विषारी आहे, दोन दिवस फिरकू नका. तिसऱ्या दिवशी आले तर चर बुजवलेला आणि वर माती चोपलेली.

"वाळवीचं औषध पाया भरताना मारतात," नकाशाबाई म्हणाल्या. "छप्पर झाल्यावर नाही."

"मला तरी काय माहीत? आणि माणसंही कमी झाली होती. आपला तो वॉचमन त्याच दिवशी पळाला ना, पाण्याचा पंप घेऊन. भिंतींना पाणी मारायला कोणी नव्हतं."

नर्सच्या हातातले कागद खाली पडले. तिने ते उचलले नाहीत.

वॉचमन पन्नाशीचा, अबोल माणूस होता. पत्र्याच्या खोपटात राहायचा. पहाटे उठून पंप लावून भिंतींवर पाणी मारायचा, कारण दिवसा नळाला पाणी नसायचं. ठेकेदाराने सांगितलं की तो पंप चोरून पळाला, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. नर्सने शिव्या दिल्या आणि नवा पंप आणवला. कोणी त्याला शोधलं नाही.

पहाट. पंप. उघडी वायर. मास्तरांचा उडालेला फ्यूज. नकाशाबाईंनी या चारही गोष्टी ट्रेसिंग पेपरच्या कडेला लिहिल्या आणि पेन्सिल खाली ठेवली.

"त्याची बायको आली होती," नर्स म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "तीनदा आली. कुठे गेले ते विचारायला. तिसऱ्यांदा मी तिला म्हटलं, तुझा नवरा चोर आहे, पुन्हा इथे आलीस तर पोलिसांत देईन. आणि मी फाटक लावून घेतलं."

६

संध्याकाळी नकाशाबाई पुन्हा फिटरच्या दाराशी गेल्या. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही. साखळीच्या फटीतून फक्त एवढं सांगितलं, की उद्या सकाळी कंपनी तो स्लॅब उघडणार आहे, पोलीस असतील, आणि त्यानंतर लपून राहण्याचं काही कारण उरणार नाही. मग साखळी निघाली.

फिटर बहिणीच्या घरी होता. बायकोने फोन लावून दिला. त्याने अडखळत सगळं सांगितलं. पहार स्लॅबला लागली तेव्हा ठेकेदार कुठून तरी धावत आला होता. त्या स्लॅबवर घाईत फिरवलेल्या फावड्याचे व्रण होते. जुना स्लॅब असा दिसत नाही, म्हणून त्याने प्रश्नचिन्ह टाकलं. नंतर ठेकेदार त्याला रस्त्यात भेटला आणि नकाशा सरळ काढून दे म्हणाला. तो नाही म्हणाला; पाकिटातून आलेल्या पानावरची सही त्याची नव्हतीच. ठेकेदार रागावला नाही. हसला. तुझी मुलगी पिवळं दप्तर घेऊन रस्ता ओलांडते ना, जपायला सांग तिला, एवढंच बोलला. त्याच दिवशी फिटरने घर सोडलं. आपण दिसलो नाही तर मुलीला कोणी काही करणार नाही, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता अंगणात कंपनीची चार माणसं पहारी घेऊन उभी होती. कंपनीला आपला स्वतःचा पाइप तपासायला कोणाची परवानगी लागत नाही. फाटकापाशी एक फौजदार आणि दोन शिपाई होते. नकाशाबाईंनी आदल्या संध्याकाळीच साहेबांना घरी फोन केला होता आणि साहेबांनी, त्यांच्या स्वभावाला न शोभेल अशा झपाट्याने, बाकीचं जमवलं होतं. ठेकेदारालाही बोलावलं होतं. टँक दाखवायला.

तो आला, हसला, सासूबाईंच्या पाया पडला. पहिली पहार पडली तेव्हाही तो बोलत होता. जुने टँक फार घाण असतात, आई, तुम्ही आत बसा. मास्तरांनाही आत पाठवा, त्यांना बघवणार नाही.

नकाशाबाई त्याच्याजवळ गेल्या. त्यांच्या हातात दोनच कागद होते.

"ही सही तुमचीच ना?"

त्याने ड्रेनेजचा नकाशा पाहिला. मग त्यांनी त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला. तो पाहत राहिला. पहारीचा आवाज येत होता, ठणठण, ठणठण. त्याच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, मग गालांवरून, आणि ओठांवर ते सगळ्यात शेवटपर्यंत तसंच राहिलं, कोणी काढायला विसरल्यासारखं.

"टँकमधून पाइप कसा नेलात, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या.

मास्तर कंपाउंडपाशी उभे होते. ते म्हणाले, "त्या पहाटे पंप चालू झाल्याचा आवाज मी ऐकला होता. एक क्षणच. मग घर काळोखात गेलं."

स्लॅबचा पहिला तुकडा बाजूला झाला. खालच्या मातीत निळ्या प्लॅस्टिकच्या कागदाचं टोक दिसलं आणि त्याच्या बाजूला पंपाची गंजलेली मूठ. माणसं थांबली. कोणी काही सांगायची गरज नव्हती, त्यांनी पहारी खाली ठेवल्या. एकाने डोक्यावरची टोपी काढली.

फौजदाराने ठेकेदाराच्या खांद्यावर हात ठेवला. ठेकेदार त्याच्याकडे बघत नव्हता. तो नर्सकडे बघत होता.

"मी गेलो तेव्हा तो गेलेलाच होता, ताई," तो म्हणाला. "हातात पंपाची कळ तशीच. मी काही केलं नाही त्याला. पण पोलीस आले असते तर सहा महिने काम थांबलं असतं. रोज फोन कोण करत होतं, घर कधी होणार म्हणून? तुमचंच घर उभं करत होतो मी."

नर्सने त्याच्याकडे पाहिलं. मग ती घराकडे पाठ करून उभी राहिली.

७

वॉचमनच्या बायकोचा पत्ता शोधायला तीन दिवस लागले. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इस्त्रीच्या दुकानात काम करत होती. फौजदार जाणार होताच, पण नर्स म्हणाली की आधी मी जाईन. नकाशाबाई तिच्याबरोबर गेल्या.

दुकान अरुंद होतं. टेबलावर चादरींची थप्पी, वाफ, आणि मागच्या भिंतीला कपड्यांच्या चिठ्ठ्या टोचलेल्या. बाईने नर्सला लगेच ओळखलं. तिने इस्त्री उभी ठेवली आणि हात पुसले. तिला वाटलं, पंपाबद्दल आल्यात.

नर्सने येताना रस्त्यात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. हॉस्पिटलमध्ये नातेवाइकांना सांगतात तसं तिने सरळ सांगितलं. तुमचा माणूस पळाला नव्हता. त्याला विजेचा धक्का बसला. तो आमच्या अंगणात होता, सगळा वेळ. मी तुम्हाला फाटकातून हाकललं तेव्हाही तिथेच होता.

ती बाई रडली नाही. तिने टेबलाची कड धरली आणि खाली बघत राहिली. एक गिऱ्हाईक दारात आलं, आतले चेहरे बघून परत गेलं.

"कोणता दिवस होता?" तिने विचारलं.

नर्सने नकाशाबाईंकडे पाहिलं.

"तेरा मार्च," नकाशाबाई म्हणाल्या. "बुधवार. पहाट."

बाई ओठ हलवत काहीतरी आठवत राहिली.

"बुधवारी सकाळी मी त्यांना फोन केला होता," ती म्हणाली. "उचलला नाही. मग रोज केला. नंतर फोन बंद झाला. मला वाटलं, दुसरं घर केलं. वर्षभर मी त्यांना शिव्या घातल्या. पोरीच्या लग्नात सासरच्यांनी विचारलं, मुलीचे वडील कुठे, तर मी म्हटलं, मेले." ती थांबली. "मी खोटं बोलले म्हणून मला झोप येत नव्हती."

नर्स टेबलाच्या त्या बाजूला गेली. तिथे एकच स्टूल होतं. तिने त्या बाईला त्यावर बसवलं, स्वतः खाली फरशीवर बसली आणि तिचा इस्त्रीने भाजलेला हात आपल्या हातात धरला. बाईने हात काढून घेतला नाही. धरलाही नाही.

नकाशाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी दुकानाचं दार हळूच ओढून घेतलं, म्हणजे आत कोणी येऊ नये.

त्या तशाच दाराशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला. आधी एकीच्या रडण्याचा, मग दोघींच्या.